हवेची साक्ष : क्षयरोग्यांचा वॉर्ड आणि गच्चीवरचे गिनीपिग

१/२५
१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात, क्षयरोग्यांसाठी सहा खाटांचा एक वॉर्ड वेगळा काढण्यात आला. या वॉर्डातील हवा नळांवाटे वर ओढून गच्चीवर बांधलेल्या एका खोलीत नेली जाई. त्या खोलीतल्या पिंजऱ्यांत सुमारे दीडशे गिनीपिग होते. रुग्णांनी त्यांना कधी स्पर्श केला नाही, त्यांच्या भांड्यातले पाणी हाताळले नाही. रुग्ण आणि प्राणी यांच्यात सामाईक होती ती केवळ हवा.

२/२५
क्षयरोग हवेतून पसरतो, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केल्यानंतर पाऊणशे वर्षे उलटली, तरी या विधानाला निर्विवाद पुरावा नव्हता. तो पुरावा कसा मिळाला, आणि कोणत्या रुग्णापासून खरोखर सावध राहायचे याविषयी त्याने काय सांगितले, याचा हा धागा.

३/२५
कॉख यांच्या परंपरेतील गेओर्ग कॉर्नेट यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णालयांतील भिंतींवरची व खाटांभोवतीची धूळ गोळा केली आणि ती गिनीपिगांना टोचून पाहिली. काही नमुन्यांतून प्राण्यांना क्षय झाला. निष्कर्ष निघाला की रुग्णाची थुंकी वाळते, तिची धूळ होते आणि ती धूळ रोग पसरवते. रुग्णालयातील हवेच्या परिसरात क्षयजंतू शोधण्याचा हा अगदी आरंभीचा पद्धतशीर प्रयत्न होय.

४/२५
या निष्कर्षातून थुंकीविरोधी मोहिमा उभ्या राहिल्या. न्यूयॉर्क शहराने १८९६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यावर बंदी घातली. पीकदाण्या, रुमाल, फिनेल यांना महत्त्व आले. स्वच्छता वाढली हे खरे. पण तिच्याबरोबर एक नैतिक हिशेबही रूढ झाला. ज्याला क्षय झाला, त्याने किंवा त्याच्या शेजाऱ्याने काही तरी गलिच्छपणा केला असला पाहिजे, असा तो हिशेब.

५/२५
१८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रेसलाऊ येथे (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवून दिले की खोकताना, शिंकताना, इतकेच काय पण बोलतानाही तोंडातून जंतुयुक्त थेंब उडतात. आता धुळीच्या जोडीला थेंब आले. मात्र हे थेंब हातभर अंतरावर खाली पडतात, असे पुढे गृहीत धरले गेले. म्हणजे रुग्णापासून थोडे दूर राहिले की पुरे.

६/२५
१९१० मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी संसर्गाच्या उगमांविषयी आणि मार्गांविषयी एक प्रभावी ग्रंथ लिहिला. त्यांचा भर स्पर्शावर होता. 'दूषित हवा' या जुन्या कल्पनेने शतकानुशतके लोकांना चुकीच्या दिशेने नेले होते. हवेचे भय सुटले, तरच लोक हात धुतील, असे त्यांना वाटे. हेतू चांगला होता. पण त्यामुळे हवेचा प्रश्न विचारणेच मागासलेपणाचे ठरले.

७/२५
या मताची किंमत कोण मोजत होते, ते ऑस्लोच्या उलवोल रुग्णालयात दिसले. १९२० च्या दशकात योहान्नेस हाइमबेक यांनी तेथील प्रशिक्षणार्थी परिचारिकांची ट्युबरक्युलिन चाचणी घ्यायला सुरुवात केली. दाखल होताना जवळजवळ निम्म्या मुलींच्या शरीरात संसर्गाची खूण नसे. तीन वर्षांचे शिक्षण संपेपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या शरीरात ती आढळे. त्यांपैकी अनेक जणी पुढे आजारी पडत.

८/२५
तोवर प्रचलित समज असा होता की रुग्णालयात नियम पाळणाऱ्या कर्मचाऱ्याला क्षयाचा विशेष धोका नाही. परिचारिकेला क्षय झालाच, तर तो बालपणीचा असेल किंवा तिच्या निष्काळजीपणाचा. परंतु उलवोलच्या मुली हात धूत होत्या, भांडी उकळत होत्या. त्या श्वासही घेत होत्या. त्याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नव्हता.

९/२५
हा हिशेब मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता. विल्यम फर्थ वेल्स हे आरोग्य-अभियंता होते. कारकिर्दीच्या सुरुवातीस त्यांनी कालवे (समुद्रातील शिंपले) जंतुमुक्त करण्याच्या पद्धतींवर काम केले होते. पाणी जसे तपासता येते आणि शुद्ध करता येते, तशी हवा का नाही, हा त्यांचा प्रश्न अभियंत्याचाच होता. १९३० च्या दशकात हार्वर्ड येथे त्यांनी हवा गरगर फिरवून तिच्यातील जंतू वेगळे काढणारे एक यंत्र तयार केले.

१०/२५
१९३४ मध्ये त्यांनी जे मांडले, ते आजही पायाभूत आहे. तोंडातून उडालेल्या थेंबापुढे दोन शक्यता असतात : जमिनीवर पडणे किंवा पडण्याआधीच सुकून जाणे. साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा, मोठा थेंब काही सेकंदांत खाली पडतो. त्याहून लहान थेंबातले पाणी वाटेतच उडून जाते. मागे उरतो काही मायक्रॉनचा सुका गाभा. त्यात जंतू असेल, तर तो खोलीतल्या हवेबरोबर तासन्‌तास फिरत राहतो.

११/२५
म्हणजे रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही खोली धोकादायक राहू शकते, आणि 'हातभर अंतर' ही हमी ठरत नाही. वेल्स यांनी हवेवर उपायही सुचवला. खोलीच्या वरच्या भागात अतिनील किरणांचे दिवे लावायचे, म्हणजे वर चढणाऱ्या हवेतले जंतू मरतील. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड वीक्स वेल्स यांनी फिलाडेल्फिया परिसरातील काही शाळांत असे दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतील मुले तुलनेने कमी आजारी पडली.

१२/२५
आनंद टिकला नाही. इतरांनी अन्यत्र केलेल्या शालेय प्रयोगांत तसा परिणाम दिसला नाही. कारण शोधणे कठीण नव्हते : मुले वर्गात दिव्यांखाली बसत, पण शाळेच्या बसमध्ये आणि इतरत्र एकमेकांत मिसळत. तरीही शास्त्रीय वर्तुळात वेल्स यांचा सिद्धांतच फसल्याची भावना पसरली. या अपयशाने एक धडा मात्र दिला. हवेची परीक्षा घ्यायची, तर हवेखेरीज दुसरा एकही दुवा नसलेला प्रयोग हवा.

१३/२५
याच सुमारास फिलाडेल्फियात सशांवर झालेल्या प्रयोगांनी आणखी एक कोडे उलगडले होते. जंतूंचे सूक्ष्म कण हुंगवले, तर जवळजवळ प्रत्येक कणागणिक फुप्फुसात क्षयाची गाठ उठे. जाडसर कण मात्र नाकाघशातच अडकत आणि रोग होत नसे. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशापर्यंत पोहोचला तरच रुजतो. तिथवर जातो तो हवेत तरंगणारा बारीक कणच. आणि असा एक कणही पुरतो.

१४/२५
आता यंत्राची मर्यादा पाहू. वॉर्डातील हवा शोषून ती जंतुवाढीच्या तबकडीवर सोडायची, हा सरळ मार्ग होता. पण क्षयाचा जंतू वाढायला काही आठवडे घेतो. हवेतले इतर जंतू आणि बुरशी एकदोन दिवसांतच तबकडी व्यापून टाकतात. शिवाय क्षयाचे कण हवेत अत्यंत विरळ असतात. म्हणून जे यंत्राला जमेना, ते काम प्राण्याकडे गेले. गिनीपिग क्षयाला कमालीचा बळी पडतो, मात्र एरवी त्याला हा रोग क्वचितच होतो. त्याच्या फुप्फुसात गाठ आढळली, तर ती बाहेरून आलेलीच असणार.

१५/२५
वेल्स यांचे एके काळचे विद्यार्थी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील फुप्फुसशास्त्रज्ञ रिचर्ड रायली, यांनी बाल्टिमोरचा प्रयोग उभा केला. त्यांच्याबरोबर क्रेटिल मिल्स व इतर सहकारी होते. दर महिन्याला प्रत्येक गिनीपिगची ट्युबरक्युलिन चाचणी होई. चाचणी सकारात्मक आली, की त्या प्राण्याला बाहेर काढून त्याचे शवविच्छेदन केले जाई. फुप्फुसात बहुधा एकच गाठ सापडे : एक कण, एक संसर्ग. दोन वर्षांत ७१ गिनीपिगांना संसर्ग झाला. हा निकाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१६/२५
या आकड्यांवरून गणित निघाले. वॉर्डातील सुमारे ११ ते १२ हजार घनफूट हवेत संसर्ग घडवणारा सरासरी एक कण होता. म्हणजे मिनिटाला एक घनफूट हवा शोषणारे यंत्र लावले, तर एक कण पकडण्यासाठी ते आठवडाभराहून अधिक काळ अखंड चालवावे लागेल. तबकड्या रिकाम्या का राहत होत्या, याचे उत्तर इथे मिळते.

१७/२५
हेच गणित परिचारिकेच्या बाजूने मांडून पाहावे. आठ तासांच्या पाळीत माणूस साधारण चार ते पाच घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. ११ हजार घनफूट म्हणजे ३०० घनमीटरांहून थोडी अधिक. या हिशेबाने सुमारे सत्तर पाळ्यांत तो एक कण तिच्या वाट्याला येतो. कोणत्याही एका दिवशी हवा निर्धोक वाटावी, आणि तीन वर्षांत जवळजवळ कोणीही सुटू नये, ही उलवोलमधील विसंगती मुळात विसंगती नव्हतीच.

१८/२५
शंकेखोरांनी विचारले : प्राण्यांना संसर्ग पाण्यातून, खाद्यातून किंवा सांभाळणाऱ्यांच्या हातून झाला नसेल कशावरून? शंका रास्त होती. रायली यांनी दुसरा प्रयोग रचला. वॉर्डातून येणाऱ्या त्याच हवेचे दोन भाग केले. एक भाग गिनीपिगांच्या एका गटाकडे थेट गेला. दुसरा भाग नळातच अतिनील किरणांखालून जाऊन तितक्याच मोठ्या दुसऱ्या गटाकडे पोहोचला. फरक राहिला तो केवळ किरणांचा.

१९/२५
पहिल्या गटात ६३ प्राण्यांना संसर्ग झाला. किरणांनी शुद्ध केलेली हवा घेणाऱ्या गटात एकालाही नाही. १९६२ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि वादाचा मुख्य भाग मिटला. या निबंधाच्या लेखकांत डी. एन. शिवपुरी हे भारतीय नावही आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील हवेतील परागकण आणि अ‍ॅलर्जी यांविषयीच्या संशोधनाशी हे नाव जोडलेले आहे. प्रयोग मुळात ज्यांच्या विचारातून उगवला, त्या वेल्स यांचे १९६३ मध्ये निधन झाले.

२०/२५
या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा होता, पण तो पुष्कळ मागे पडला. कोणत्या जंतूवर कोणते औषध चालत नाही, हे प्रत्येक रुग्णागणिक वेगळे असे. ती खूण जुळवून गिनीपिगचा संसर्ग नेमक्या कोणत्या रुग्णाकडून आला, हे शोधता येई. ज्या ४८ संसर्गांचा असा माग काढला गेला, त्यांपैकी ३५ संसर्ग ७७ रुग्णांपैकी अवघ्या तिघांकडून आले होते. त्या तिघांचे जंतू औषधांना दाद देत नव्हते, आणि त्यांना मिळणारे उपचार अपुरे होते.

२१/२५
उलट ज्यांच्या जंतूंवर औषध चालत होते आणि ज्यांचे उपचार सुरू झाले होते, त्या रुग्णांची संसर्गक्षमता उपचार न घेतलेल्यांच्या तुलनेत सुमारे २ टक्क्यांवर आली होती. त्यांच्या खोकल्यात जंतू दिसत असूनही गच्चीवरचे प्राणी वाचत होते. ज्या रुग्णाला समाज क्षयरोगी म्हणून ओळखतो आणि दूर बसवतो, तो औषध घेत असेल, तर हवेच्या साक्षीनुसार बहुतांशी निर्दोष ठरतो. धोका असतो तो निदान न झालेल्या रुग्णाकडून, आणि ज्याचे औषध चुकले आहे किंवा अपुरे पडते आहे, त्याच्याकडून.

२२/२५
त्याच वर्षांत मद्रासमध्ये वेगळ्या वाटेने हेच उत्तर मिळत होते. १९५६ मध्ये सुरू झालेल्या तेथील अभ्यासात १९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली : काही सॅनिटोरियममध्ये, काही आपल्या दाटीवाटीच्या घरात. औषधे तीच. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक क्षय झाला नाही. पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही हेच कायम राहिले. रुग्णाला घरापासून तोडण्याची गरज नाही, हे जगाने मद्रासकडून शिकून घेतले. बाल्टिमोरच्या गच्चीने त्यामागचे कारण दाखवले.

२३/२५
पुढे औषधांच्या यशात हवेचा विषय विस्मरणात गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत एचआयव्हीबाधितांमध्ये औषधांना न जुमानणारा क्षय पसरला, कर्मचारीही दगावले, तेव्हा रायली यांचे निबंध पुन्हा उघडले गेले. पेरूची राजधानी लिमा आणि दक्षिण आफ्रिकेतील विटबँक येथे गच्चीवरच्या गिनीपिगांचा प्रयोग नव्याने उभा राहिला. विटबँक येथे आश्विन धर्माधिकारी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले : रुग्णांनी साधा सर्जिकल मास्क घातला, त्या दिवसांची हवा मिळालेल्या ९० गिनीपिगांपैकी ३६ बाधित झाले, मास्क नसताना ९० पैकी ६९.

२४/२५
प्राण्यांचा बळी न देता हवेला विचारता येईल का? केव्हिन फेनेली यांनी २००४ मध्ये रुग्णाला एका बंद पात्रात खोकायला लावून तेथल्या तेथे कण पकडण्याची पद्धत मांडली. विरळ हवेत शोधण्याऐवजी उगमापाशीच शोधायचे, ही त्यातली युक्ती. इंग्लंडमधील लेस्टर येथील संशोधकांनी रुग्णाच्या मास्कमध्ये पट्टी बसवून तिच्यावरचा जंतूंचा डीएनए मोजला. वॉर्डातील हवेत डीएनए शोधण्याचे प्रयोगही होतात. परंतु डीएनए जंतू होता एवढेच सांगतो. तो जिवंत होता का, हे सांगत नाही. गिनीपिग नेमके तेच सांगत असे.

२५/२५
लिमामध्ये आणखी एक मोजणी झाली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. खिडक्या-दारे उघडी ठेवल्यावर खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलते, हे रुग्णालयांतून तपासले गेले. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांत ती १२ वेळा बदलत होती, नव्या धर्तीच्या खोल्यांत १७ वेळा. आणि पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत तब्बल ४० वेळा. भारत सरकारने २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही खेळत्या हवेला मोठे स्थान आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, अजून निदान न झालेल्या खोकणाऱ्या माणसाशेजारी जी परिचारिका उभी असते, तिच्यासाठी गच्चीवरच्या त्या प्राण्यांनी दिलेल्या साक्षीचा अर्थ इतकाच आहे : निदान लवकर, औषध पुरेसे आणि खिडकी उघडी.